खाडीकाठचं ओंडक्यांचं घर

आई,

ते घर खरंच होतं असं सांगितलं तर हल्ली कुणाला पटत नाही. मागच्या आठवड्यात तुझ्या नातीने मला मोबाईलवर नॉर्वेतल्या कुठल्याशा गावाचे फोटो दाखवले. "आई, बघ ना, किती क्यूट घरं आहेत!" मी चष्मा शोधून आणला, फोटो पाहिला आणि मोबाईल तिच्या हातातून ओढूनच घेतला. एकावर एक आडवे रचलेले सबंध ओंडके, कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले, त्यांची बाहेर आलेली टोकं, गुडघ्याएवढा उंबरठा, वाकून आत शिरावं लागेल असं बुटकं दार. मी म्हटलं, "अगं, अशा घरात राहिलेय मी. ठाण्याला, कोलशेतला." ती हसायलाच लागली. "कोलशेतला? तिथे तर सगळे टॉवर आहेत." तिच्या डोळ्यांपुढे टॉवर येतात, माझ्या डोळ्यांपुढे अजूनही एका बाजूला कंपनीची भिंत, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे आपलं घर. तिला गोड वाटलं त्या घरात तू आणि मी सतत जीव मुठीत धरून राहिलो, हे तिला कुठून सुरू करून सांगायचं ते कळेना. तुला सुरुवातीपासून सांगावं लागत नाही. तरी सांगणार आहे, कारण गेले काही दिवस दुसरं काही सुचतच नाहीये.

त्या घराची गोष्ट गावात प्रत्येक जण वेगळी सांगायचा. एकमत एवढ्यावरच, की फार वर्षांपूर्वी नॉर्वेच्या जहाजावरचा एक सुतार आजारी पडून इथे उतरला, बरा झाला आणि परत गेलाच नाही. खाडीतल्या होड्या दुरुस्त करून राहिला. स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा त्याने इथली घरं कशी असतात ते बघितलंच नाही. त्याच्या गावाकडे त्याच्या बापाने बांधलं असेल तसंच बांधलं, ऐनाचे ओंडके आणून, कोपऱ्यांना खाचा पाडून, भिंतीत एक खिळा न मारता. छपरावर म्हणे त्याने माती पसरून गवत लावलं होतं आणि आपली शेळी तो वर चरायला सोडायचा. दोन पावसाळ्यांत ते छप्पर त्याच्या अंथरुणात आलं, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला कौलं घालायला लावली. तो तिथेच वारला. पुढे सगळी जागा कंपनीकडे गेली, कंपनीने भिंत घातली, आत केमिकलचा प्लँट उभा केला आणि भिंतीबाहेर राहिलेल्या या घराचं काय करायचं ते न कळल्यामुळे क्वार्टर म्हणून देऊन टाकलं. दुसरं कुणी घेत नव्हतं. बाबा नवीन लागलेले, त्यांना मिळालं. केवढे खूश होते ते! तू बाहेर उभी राहून, मान वाकवून आत बघितलंस आणि पहिलं वाक्य बोललीस, "अहो, हे पेटलं तर?"

त्या घरात तू किती गोष्टींना घाबरायचीस याची मोजदाद बाबांनाही ठेवता आली नाही. आगीला, म्हणून स्टोव्ह बाहेर पडवीत आणि प्रत्येक खोलीत पाण्याची बादली. सापाला, म्हणून ओंडक्यांच्या टोकांवर रॉकेलचा बोळा. खाडीला, कारण भरतीचं पाणी पावसाळ्यात पार तुळशीपर्यंत यायचं. दुपारी ऊन फिरलं की लाकडं आपोआप कडाड करून वाजायची, आणि तेव्हा तू हातातलं काम टाकून धाकट्याला उचलायचीस. धाकटा तेव्हा दोन वर्षांचा, छातीने अधू. जरा गार लागलं की त्याची छाती पेटीसारखी वाजायची, आणि तुझं अर्धं लक्ष कायम त्या आवाजाकडे. दाराशी तू एक गाठोडं बांधून ठेवलेलं असायचं. त्यात आपले दोन-दोन कपडे, त्याची औषधं, देवातली अन्नपूर्णा. "तुमची आई घरात राहत नाही," बाबा जेवताना आम्हाला सांगायचे, "फलाटावर राहते. सामान बांधलेलंच." आम्ही हसायचो. तूही हसायचीस. पण गाठोडं कधी सोडलं नाहीस. मला तर तुझी भीती उवा लागतात तशी लागली होती. शाळेत वर्ग चालू असतानासुद्धा मी दार किती लांब आहे ते बघून बसायचे. ही सवय अजून गेलेली नाही, आता नाट्यगृहातही मी कडेची खुर्ची मागते.

तुला धीर द्यायला शेजारची मावशी होती. तिच्या घरची माणसं खाडीत आणि समुद्रात होड्या घालायची. काळी, उंच, नाकात मोठी नथ, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा. तिच्या आजेसासऱ्याच्या होड्या त्या सुताराने दुरुस्त केल्या होत्या आणि बदल्यात त्यांनी त्याचं घर होडीसारखं बुजवून द्यायचं असं ठरलं होतं. सुतार मेला, आजेसासरा मेला, पण ठरलेलं ते ठरलेलं. दर वर्षी पावसाच्या आधी, होड्यांचं काम उरकलं की मावशीचे मुलगे आणि सुना आपल्याकडे यायच्या, ओंडक्यांच्या मधल्या फटींत कापसाच्या वाती ठोकून बसवायच्या आणि वरून राळ आणि माशाचं तेल उकळून फासायच्या. मग घराला महिनाभर असा वास सुटायचा की बाबांचे कंपनीतले मित्र यायचं टाळायचे. पहिला बोळा घरच्या बाईने बसवायचा अशी रीत. तू तो दोन बोटांनी असा लावायचीस की जशी भिंत चावणारच आहे. मावशी खो-खो हसायची. "आगो बाय, घाबरतं कं? होरी हाय ती. हिच्यान पानी शिरत नाय, त वारा कंचा शिरंल?"

पण ती बुजवाबुजव झाल्यानंतरची गोष्ट. त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत मावशीने ते घर आतून कधी पाहिलंच नव्हतं. चैत्र लागला की लाकडं आकसायची. मागच्या वर्षीचा कापूस सुकून गळून पडायचा आणि पश्चिमेच्या भिंतीतून दुपारी उजेडाच्या रेघा आत यायच्या, जमिनीवरून सरकत सरकत धाकट्याच्या पाळण्यावर चढायच्या. तू जुन्या लुगड्यांच्या चिंध्या सुरीच्या टोकाने त्या फटींत कोंबत बसायचीस. एक बुजवली की दुसरी उघडायची. कुठली फट कुठे आहे हे तुला पाठ होतं. दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसणारी त्या घरात तू एकटीच होतीस.

मग ती भोपाळची बातमी आली. त्या हिवाळ्यात खाडीकाठचं प्रत्येक घर कंपनीच्या धुराड्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलं. तू बाबांना जेवायला वाढता वाढता विचारलंस, "तुमच्याकडे काय बनतं हो?" ते म्हणाले, "ते नाही बनत आमच्याकडे." तू म्हणालीस, "मग काय बनतं?" त्यांनी कसलं तरी नाव सांगितलं. "त्याने काय होतं?" बाबा भात कालवू लागले. "काही होत नाही. नीट ठेवलं तर." हे "नीट ठेवलं तर" तू महिनोन्महिने पुटपुटत होतीस. भाजी निवडताना, धाकट्याच्या छातीला तेल लावताना. बाबा कॅन्टीनमधून आदल्या दिवशीचा पेपर आणायचे, तो तू अक्षरन् अक्षर वाचायचीस. त्यातच कुठेतरी तू वाचलंस की गॅस आला तर घरात बसायचं नाही, ओलं फडकं तोंडाला लावायचं आणि वाऱ्याला आडवं चालत सुटायचं, त्याच्या पुढे पळायचं नाही. झालं! मला घेऊन तू रोज संध्याकाळी मावशीच्या ओढून ठेवलेल्या होडीपाशी उभी राहायचीस. होडीवर बावटा होता. "सांग, वारा कुठून? मग आडवं कुठे?" मी बांधाकडे बोट दाखवायचे. तो बांध मिठागरांकडे जायचा. बायका जाळी विणता विणता आपल्याकडे बघून हसायच्या, आणि मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हसणाऱ्याही घाबरलेल्याच होत्या. फक्त त्यांनी आपला उपाय आधीच शोधून ठेवला होता. मावशीने सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की गॅस आला तर लाकडाच्या घरात जायचं. गावातली बाकीची घरं कुडाची नाहीतर कौलांखाली मोकळी, वारा इकडून आत तिकडून बाहेर. हे एकच होडीसारखं बुजवलेलं. माझ्यासमोर तिने तुला विचारलं होतं, "काय गो, दार उघरशील ना?" तू हो म्हणालीस. उघडेन म्हणालीस. फटींचं मात्र बोलली नाहीस. नंतर मी विचारलं तर म्हणालीस, "माझं कोण ऐकतंय? मी काय, लाकूड वाजलं तरी पळते."

आणि तो दिवस आला तेव्हा नेमका चैत्रच चालू होता. होड्यांचं काम अर्धं झालेलं, आपल्या घराला अजून कापूस लागायचा होता. बाबा सकाळच्या पाळीला गेलेले. मला सुट्टी. दुपारचं जेवण होऊन तू भांडी घासत होतीस आणि भोंगा झाला. पाळीचा भोंगा एकदा होतो आणि थांबतो. हा थांबला नाही. तुझ्या हातातलं पातेलं तसंच राखेत राहिलं. आधी काहीच दिसलं नाही, मग भिंतीपलीकडून नाकात काहीतरी झोंबणारं आलं, फरशी पुसायच्या औषधासारखं, पण घशात उतरून बसणारं. तू धाकट्याला उचललंस, गाठोडं माझ्या हातात दिलंस, आणि आपण दाराबाहेर पाऊल टाकणार तोच समोरून सगळा पाडा आपल्याकडे पळत येताना दिसला.

अजूनही ते दृश्य मला स्वप्नात पडतं. पोरं कडेवर घेतलेल्या बायका, दोन म्हातारे, डोक्यावर पदर धरून, डोळे चोळत, आपल्याच दाराकडे. पुरुष बहुतेक पाण्यावर गेलेले. मावशी सगळ्यांच्या पुढे, तिच्या काखेत कोंबडीची डालगी, आत कोंबडी आणि तिची पिल्लं. "उघर गो, उघर!" तू बाजूला झालीस. ती माणसं उंबरठा ओलांडून आत शिरली, त्यांच्या लोंढ्याबरोबर आपणही आत ढकलले गेलो, कुणीतरी दार लावून घेतलं, कुणीतरी खिडक्या. दोन खोल्यांत माणूस माणसाला चिकटलं. अंधार झाला. मावशी मोठ्याने म्हणाली, "आता काय नाय होयाचा. होरीन बसलाव आपून."

मी तुझ्या साडीला धरून उभी आहे. अंधाराला डोळे सरावतात आणि पश्चिमेच्या भिंतीतल्या रेघा दिसायला लागतात. वरपासून खालपर्यंत, तू चिंध्या कोंबलेल्या जागा सोडून सगळीकडे. तू त्यांच्याकडेच बघते आहेस. त्या उजेडात धूळ तरंगते आहे. नुसती तरंगत नाहीये, आत येते आहे. एकेका फटीतून हळूहळू, सगळी एकाच दिशेने, आपल्याकडे. मला ठसका लागतो. धाकटा खोकतो, आणि त्याची छाती वाजायला लागते. मला वाटतं, आता आई खाली बसेल. तू तशीच होतीस गं, फार घाबरलीस की मटकन खाली बसायचीस.

तू बसली नाहीस. "बाहेर चला," म्हणालीस. पहिल्यांदा इतक्या हळू की मलाच ऐकू आलं. मग ओरडलीस. तुझा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. "बाहेर चला सगळे! ती बघा भिंत. वारा आत येतोय. कोंडून मरू इथे!" गलका उठला. "बायरं गॅस हाय!" "येरी झाली कं ही?" मावशी दाराला पाठ लावून उभी राहिली. "तू घाबरलीस गो. तू कायम घाबरतंस. बस खाली." तू तिला म्हणालीस, "हो, घाबरलेय. ह्या भिंतीला मी रोज घाबरते, म्हणून मला माहितीये. मावशी, पाया पडते, दार सोड." त्या अंधारात तू खरंच वाकलीस, धाकट्याला कडेवर घेऊन. काय झालं माहीत नाही, पण मावशी बाजूला झाली.

दार उघडल्यावर मीच अडले. बाबा कंपनीत होते. आडवं जायचं म्हणजे त्यांच्यापासून लांब जायचं, आणि मला ते करायचं नव्हतं. मी उंबरठा दोन्ही हातांनी धरून बसले आणि "बाबा, बाबा" करत राहिले. तू समजावलं नाहीस. माझी वेणी धरलीस आणि मला उंबरठ्यावरून ओढून बाहेर काढलंस. नडगी सोलून निघाली, तो वण अजून आहे. माठात पदर बुचकळून तू धाकट्याच्या तोंडावर धरलास, बावट्याकडे एकदा बघितलंस आणि बांधाकडे चालू लागलीस. मागे वळून कोण येतंय ते पाहिलं नाहीस. ते येतच होते. नाक-तोंड झाकून, खोकत, तुला शिव्या देत.

बांध अरुंद, एका बाजूला मिठागर, दुसऱ्या बाजूला ओहोटीचा चिखल. डोळ्यांतून नुसतं पाणी. मी तुझ्या पावलांकडे बघून चालत होते. मधेच मागून किंकाळी आली. मावशी बांधावरून घसरून खाली चिखलात पडली होती, आणि तिचा पाय भलत्याच बाजूला वळला होता. तू थांबलीस. धाकट्याला माझ्या हातात दिलंस, म्हणालीस, "तू जा. थांबू नकोस," आणि परत फिरलीस. चिखलाला तू किती घाबरायचीस! भरतीच्या वेळी तू खाडीकडे पाठ करून बसायचीस. त्या चिखलात कंबरेपर्यंत उतरून तू आणि मावशीच्या सुनेने तिला वर ओढलं आणि दोघींनी मिळून फरफटत आणलं. मी थांबले नाही. तू सांगितलं होतंस म्हणून नव्हे, मला थांबायची हिंमत नव्हती म्हणून. मिठागराच्या रखवालदाराच्या झोपडीपाशी पोचल्यावर वास कमी झाला. धाकट्याची छाती वाजतच होती, पण तो रडायला लागला होता, आणि रडतोय म्हणजे श्वास घेतोय असं तूच मला शिकवलं होतंस.

तिथे आपण किती वेळ बसलो मला सांगता येणार नाही. ऊन उतरलं. मावशी कण्हत होती आणि कण्हता कण्हता तुझ्या सात पिढ्या उद्धरत होती. तू तिच्या डोक्याशी बसलेलीस, चिखलाने माखलेली, आणि सारखी कंपनीच्या धुराड्याकडे बघत. भोंगा कधीच थांबला होता. शेवटी बांधावरून एक माणूस चालत येताना दिसला, तोंडाला टॉवेल बांधलेला. चालण्यावरूनच कळलं, बाबा. डोळे लालबुंद. त्यांनी टॉवेल काढला आणि म्हणाले, "एक व्हॉल्व्ह गळत होता. किरकोळ होतं. बंद केला. काही नाही झालं कुणाला." मावशी तिथूनच ओरडली, "काय नाय? मंग माजा पाय कोनी मोरला?" तू बाबांच्या शर्टाची बाही घट्ट धरलीस आणि घरी पोचेपर्यंत सोडली नाहीस.

मावशीला पाण्यावरून परतलेल्या तिच्या मुलांनी हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. तिची सून डालगी न्यायला आपल्याबरोबर आली. त्या गडबडीत कोंबडी आतच राहिली होती, आणि आपल्या मागे कुणीतरी दार ओढून घेतलं होतं. तू दार ढकललंस. आतून वासाचा लोट आला, बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त. पश्चिमेच्या भिंतीखाली डालगी. कोंबडी मेलेली, पिल्लं तिच्या पंखांखाली, तीही मेलेली. सून "आय गो" एवढंच म्हणाली. तू उंबरठ्यावर बसलीस, आणि बाबांनी हात दिला तरी उठेनास.

गावाने तुझं कौतुक केलं असेल असं तुझ्या नातीला वाटतं. मी सांगितलं तिला, तसं काही झालं नाही. कंपनीचं म्हणणं किरकोळ, पेपरात एक ओळ नाही, आणि कुणी मेलंही नाही. मग उरलं काय? तर एका भित्र्या बाईने सगळ्या पाड्याला चिखलातून पळवलं आणि एका म्हातारीचा पाय मोडला. बायका तुला बघितलं की एकमेकींना विचारायच्या, "आज वारा कंचा गो?" तू मान खाली घालून जायचीस. मावशीचा पाय नीट बसला नाही. ती काठी घेऊन चालायला लागली. तू रोज तिच्याकडे जायचीस, तेल लावून द्यायचीस, आणि ती रोज तुला तेच ऐकवायची, "कोंबरी मेली म्हून तुना सोरली. ती जित्ती ऱ्हाती ना, त ह्यो पाय तुज्या गल्यान बांधला असता." बोलून झाल्यावर तुझ्याच ओच्यात सुके बोंबील टाकायची. त्या वर्षी तिची माणसं आपलं घर बुजवायला आली, पण पहिला बोळा लावायला तू पुढे झाली नाहीस. माझ्याकडून लावून घेतलास.

पावसाआधी आपण डोंबिवलीला आलो. सिमेंटची इमारत, तिसरा मजला, बाबांना येण्याजाण्याचा केवढा तरी त्रास, पण ते एका शब्दाने काही बोलले नाहीत. फलाटाचा विनोदही त्यांनी परत केला नाही. इथे तू सिलिंडरला घाबरलीस, लिफ्टला घाबरलीस, मला कॉलेजातून यायला उशीर झाला की गॅलरीतल्या कठड्याला घाबरलीस. नव्वद सालानंतर कधीतरी मी ऑफिसच्या कामाने ठाण्याला गेलेले, तेव्हा मुद्दाम कोलशेतला जाऊन आले. घर उतरवून झालं होतं. ओंडक्यांवर खडूने आकडे घालून ते ट्रकमध्ये भरत होते, कुणाच्या तरी फार्महाऊससाठी. कोपऱ्यातल्या खाचा अजून इतक्या स्वच्छ होत्या की काल पाडल्यासारख्या. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट मी तिथून भराभर निघाले, ट्रक सुरू होईपर्यंतसुद्धा थांबले नाही.

आणि मग तुझं ते शेवटचं आजारपण. छातीत पाणी झालं होतं, बोलताना दम लागत होता. हॉस्पिटलात दुपारी बाबा चहा आणायला खाली गेलेले. तू डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोप लागली. एकाएकी म्हणालीस, "ती कोंबडी उन्हाने तर नसेल ना गं मेली?" मला आधी कळेचना. तू पुन्हा म्हणालीस, "बंद घर. चैत्राचं ऊन. डालगीत कोंडलेली. उन्हानेही मरते कोंबडी. मग मावशीचा पाय मी उगाच..." एवढ्या वर्षांत तू हे कुणाला विचारलं नव्हतंस. बाबांनाही नाही. तुझ्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी ओळखत नव्हते. आगीची, पाण्याची, गॅसची, सगळ्या भीती मला ठाऊक होत्या. ही वेगळीच होती. मी ताबडतोब म्हणाले, "नाही आई. गॅसनेच मेली. मी बघितली ना. चोच उघडी होती, मान टाकली होती, तोंडाला फेस होता. उन्हाने तसं होत नाही." तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "तू बघितलीस ना? मग ठीक." त्यानंतर तू त्या विषयावर बोलली नाहीस, आणि दोन दिवसांनी गेलीस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. आई, मी कोंबडी बघितली नव्हती. दार ढकललंस तेव्हा मी तुझ्या पुढ्यात होते, आणि मला काही दिसायच्या आत तू माझे डोळे झाकलेस. चोच, मान, फेस, सगळं मी त्या खाटेपाशी उभ्या उभ्या बनवलं. ती उन्हाने मेली की गॅसने, मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. मला दिसला तो फक्त तुझा तळहात. त्याला चिखलाचा वास येत होता आणि तो इतका थरथरत होता की माझ्या पापण्या हलत होत्या. मी तुला उत्तर दिलं ते त्या हातावरून.